दिवा लागेपर्यंत

१६ नोव्हेंबर १९६९, सांगवे
सायकल गेली आणि कॅमेरा आला. चोपड्याच्या ओव्हरसियरांची बदली झाली. त्यांच्या मेहुण्याला सायकल हवी होती आणि मला त्यांचा हा दोन डोळ्यांचा यशिका. बरोबरीचा सौदा झाला असं ते तीनदा म्हणाले, त्यामुळे मला जरा शंका आली. बायकोला, लिलाला, धुळ्याला पत्र लिहायला बसलो, पण सायकलीचं कसं सांगावं ते सुचेना. म्हणून पत्र बाजूला ठेवून ही वही उघडली.

लिहायची सवय मला आहेच. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला तापीच्या मोजपट्टीवर पाणी किती ते बघायचं आणि सरकारी वहीत मांडायचं, याचाच मला पगार मिळतो. चार वर्षांत एक नोंद चुकलेली नाही. सरकारी वहीत आकड्यांपलीकडे काही लिहायची सोय नाही, ते इथे लिहीन.

या कॅमेऱ्यात वरून वाकून बघायचं असतं. काचेवर नदी दिसते, पण डावीकडचं उजवीकडे. पूर्वेला चाललेली बैलगाडी काचेत पश्चिमेला गेली. चष्मा काढून, नाक काचेला लावून अर्धा तास नुसता बघत बसलो होतो. घाटावरच्या बायका हसत होत्या.

३ डिसेंबर
पहिला रोल धुऊन आला. बारांपैकी नऊ काळे ठिक्कर. धुळ्याला तोतारामचा स्टुडिओ आहे, लिलाचा मावसभाऊ तो. त्याने चिठ्ठी पाठवली: 'दाजी, सूर्याचा फोटो सूर्याला नको असतो. तो बुडाल्यावर काढा. काठ काळे पडतात, पाणी मात्र उजेड धरून ठेवतं. आणि पाणी हलता कामा नये.'

मेहुणा असूनही बोलला ते खरं. आज मुद्दाम बसून पाहिलं. सूर्य बुडाल्यावर वारा पडतो. घाटाखालच्या डोहावर एक सुरकुती राहत नाही. मारुतीचं देऊळ, चिंच, घाटाच्या पायऱ्या, सगळं उलटं होऊन पाण्यात उभं राहतं आणि वरच्यापेक्षा खालचंच जास्त ठसठशीत दिसतं. असं का व्हावं? आणि वारा नेमका तेव्हाच का पडतो? शाळेच्या हेडमास्तरांना विचारलं, तर ते म्हणाले निसर्गाचा नियम आहे. म्हणजे त्यांनाही माहीत नाही.

हा खेळ वीस मिनिटं चालतो, मग अंधार.

१० डिसेंबर
आणि त्याच वीस मिनिटांत झिपरूआबा नाव काढतो!

आबा जातीचा भोई, साठीचा. घाटावरची नाव त्याची. गेल्या उन्हाळ्यात वर कोसभरावर पूल झाला, तेव्हापासून नावेत कोणी पाय ठेवत नाही. तरी हा रोज सूर्य बुडता बुडता रिकामी नाव वल्हवत पलीकडे जातो. उतरतो, दरडीकडे तोंड करून हाक देतो, "कोनी शे का?", कोणी आहे का. थांबून दुसरी, थांबून तिसरी. कोणी नसतंच. इकडे देवळात पुजारी दिवा लावतो, तो दिसला की आबा रिकामाच परततो. तोवर डोहाचा पार चोळामोळा झालेला असतो.

आठ संध्याकाळी मी मोजल्या. आठही दिवस हेच. राग येतो, पण रागापेक्षा उत्सुकता जास्त आहे. कोणासाठी हाक देतो हा?

१८ डिसेंबर
लखीचंदशेठकडून उलगडा झाला. शेठचं गावात किराणा दुकान, आजोबांच्या वेळी मारवाडातून आलेलं घर. गावातलं काहीही जाणून घ्यायचं असेल तर गूळ घ्यायला जावं, शेठ गूळ बांधेपर्यंत सगळं सांगतात.

झिपरूच्या घराला दोन्ही काठांच्या गावांतून खळ्यावर धान्याचा वाटा मिळतो, पिढ्यान्‌पिढ्या. त्याने रोज संध्याकाळी पलीकडे जाऊन हाक द्यायची, की कोणी उतारू मागे राहू नये. पूल झाल्यावर सरपंच जीवरामनाना म्हणाले, आता वाटा कशाचा? आबा म्हणाला, हाक चुकली तर बंद करा. शेवटी गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पारावर ठरलं, की त्या आखाजीपासून पुढच्या आखाजीपर्यंत एकही दिवस खाडा झाला नाही, तर झिपरू जिवंत आहे तोवर वाटा चालू. एक जरी चुकला, तर त्या दिवसापासून बंद. आबा आणि त्याची बायको भागाबाई, दोघांचं पोट त्या वाट्यावर आहे. जमीन एक वीतही नाही.

हे ऐकून बरं वाटलं. माणूस वेडा नाही, नेमाचा आहे, माझ्यासारखाच. पण माझ्या फोटोचं काय?

११ जानेवारी १९७०
चौथा रोल. पाण्यात देऊळ आहे, पण फाटक्या धोतरासारखं. आज धीर करून आबाला गाठलं. म्हटलं, एक दिवस, एकच दिवस जरा उशिरा निघा. नाव घाटाला बांधलेली हवी, देवळातला दिवा लागलेला हवा आणि दोन्ही पाण्यात दिसायला हवेत. माझं झालं की लगेच जा, दहा मिनिटांनी काय बिघडतं? हाक तर होणारच आहे.

आबाने आधी नावेकडे पाहिलं, नंतर पाण्याकडे. सरकारी माणसाला नाही म्हणायची त्याला सवय नसावी. मग म्हणाला, "नाव हालाले नको, इतलंच ना भाऊ?"

मी म्हटलं, इतकंच.

"मंग नाव हालनार नही. सबद दिधा."

किती सरळ माणूस! उगीच महिनाभर मनातल्या मनात त्याला बोल लावत होतो.

१९ जानेवारी
मिळाला!

थंडी अशी की मोजपट्टीजवळ हात बुडवला तर बोटं बधिर झाली. त्यामुळेच की काय, डोह अगदी काचेसारखा. नाव घाटाला, तिच्या पोटाखाली उलटी नाव. देवळात दिवा लागला तसा पाण्यातही लागला. मी श्वास रोखून तीन वेळा खटका दाबला. आबा कुठे दिसला नाही, बिडी ओढायला गेला असेल. पलीकडून कोणीतरी ओरडलं तेवढंच, गुराखी असावा. नंतर थंडीने राहवेना म्हणून मी आबाची वाट न बघता वर आलो. तो गेलाच असेल नाव घेऊन.

वाटेत भागाबाई भेटली, घोंगडी आणि खापरात विस्तव घेऊन घाटाकडे धावत चालली होती. मी आनंदाने सांगितलं, काकू, फोटो मिळाला. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या शेळ्या पळवल्यात. म्हातारपणी माणसं चिडखोर होतात.

५ फेब्रुवारी
धुळ्याला दोन दिवस. लिलाने सायकलीबद्दल विचारलं नाही, म्हणजे तिला कळलेलं आहे.

तोतारामने निगेटिव्ह उजेडाला धरली आणि लगेच मोठ्या कागदाचं पाकीट फोडलं, हे त्याचं सर्वांत मोठं कौतुक. बारा इंची प्रिंट काढली. एकच खोट निघाली, पलीकडच्या काठाजवळ पाण्यावर एक काळा ठिपका. तोताराम म्हणाला फिल्मला टाचणीएवढं भोक असणार, होतं असं. त्याने ब्लेड दिलं आणि मी स्वतः, जीभ दातांत धरून, तो ठिपका प्रिंटवरून खरवडून काढला. पाणी आता निष्कलंक आहे. खाली शाईने सुरेख अक्षरात लिहिलं: 'तापीतली दिवेलागण, सांगवे. दि. १९-१-७०. छाया: सुकदेव.'

२२ फेब्रुवारी
झिपरूआबाला खोकला धरला आहे. नाव ढकलताना मध्येच थांबून छाती धरतो. मी त्याला बिड्या सोडायला सांगितलं. भागाबाई आत होती, तिने भांडं जोरात आपटलं.

७ एप्रिल, पाडवा
लखीचंदशेठनी प्रिंट काचेत बसवून दुकानात गादीच्या वर लावली. दिवसभर माणसं येऊन आपलं देऊळ उलटं बघत होती. एका आजीने पाण्यातल्या मारुतीलाही हात जोडले. मी तीन वेळा काही ना काही घ्यायला दुकानात गेलो. घरात हिंग आता वर्षभर पुरेल.

२५ एप्रिल
जीवरामनाना दुकानात आले होते. फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, रसिक आहेत. त्यांनी विचारलं, ही तारीख बरोबर आहे ना? मी म्हटलं, नाना, माझी तारीख चार वर्षांत चुकलेली नाही. ते म्हणाले, हां, ते सगळ्या गावाला माहीत आहे. आणि काही न घेता गेले.

२६ एप्रिल
मी काय करून बसलो!

शेठनी सकाळी बोलावून घेतलं आणि दुकानाची फळी अर्धी लावून सांगितलं. रिवाज नुसता हाकेचा नाही. देवळातला दिवा लागेपर्यंत नावाड्याने पलीकडच्या काठावर थांबायचं असतं, कारण शेवटचा उतारू दिवा बघून घाई करतो. दिवा लागल्यावर निघून दिलेली हाक धरत नाहीत. हे दोन्ही गावांतल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. आणि माझ्या फोटोत दिवा लागलेला आहे, नाव या काठाला बांधलेली आहे, खाली माझ्या सुरेख अक्षरात तारीख आहे. आखाजीच्या आदल्या संध्याकाळी पारावर बैठक आहे.

शेठ हळूच म्हणाले, "एक तारीख चुकली म्हणा. त्या दिवशी नाही, पूल व्हायच्या आधी काढला होता. कोण बघायला आलंय?"

कॅमेरा कधी आला ते सगळ्यांनी पाहिलं आहे, हे शेठ विसरले. पण खरं सांगायचं तर तेवढी अडचण नसती तर मी म्हटलं असतं का? दिवसभर हाच विचार करतो आहे. बहुतेक म्हटलं असतं. मग मोजपट्टीच्या वहीला काय अर्थ उरतो, कळत नाही.

२७ एप्रिल
झिपरूआबाच्या घरी गेलो. तो खाटेवर होता, अंगात कसकस, तरी संध्याकाळी उठून नाव काढतच होता. मी सगळी चूक कबूल केली. म्हटलं, बैठकीत सांगेन की मीच थांबवलं होतं. आबा म्हणाला, त्याची गरज नाही, खाडा झालाच नाही.

मला वाटलं ताप डोक्यात गेला. मग तो सावकाश म्हणाला, "मी पोहीसन गऊ. तीन हाका दिन्ह्यात. दिवा लागना, मंग परत उनू."

वरच्या बाभळींमागून तो पाण्यात उतरून पलीकडे पोहत गेला होता, कपडे डोक्याला बांधून. पुसातल्या थंडीत, साठीचा माणूस. मी विचारलं, मग मला तेव्हाच का नाही सांगितलं? मी फोटो सोडला असता.

"तुम्हीन सांगं नाव हालाले नको. नाव कोठे हालनी?"

भागाबाई चुलीपाशी पाठ करून बसली होती. ती न वळता म्हणाली, "तवयपासून खोकस." तेव्हापासून खोकतो. मला बिड्या आठवल्या, घोंगडी आठवली, खापरातला विस्तव आठवला. लाजेने तिथे बसवेना. वहीत मागची पानं उलटून पाहिली, माझ्याच हाताने लिहिलेलं आहे सगळं आणि मलाच वाचता आलं नव्हतं.

पण गाव विश्वास ठेवणार नाही. माझाही पुरता बसत नाही, हे इथे लिहून ठेवतो. तापी तिथे दीडशे वाव, म्हणजे नऊशे फूट रुंद आहे. पलीकडून ओरडणारा गुराखीही असू शकतो. साक्षीला बायको, आणि ती तर बायकोच.

२८ एप्रिल
सकाळची नोंद घेताना पाण्यावर एक टिटवी उडत गेली. एक वर, एक खाली, दोघी बरोबरीने. मी पट्टीवरचा आकडा विसरून तिथेच उभा राहिलो.

तो ठिपका! फिल्मला भोक असेल तर एकच ठिपका पडेल. खरोखरच पाण्यात काही असेल तर त्याच्या खाली त्याचं प्रतिबिंब असलंच पाहिजे. मी खरवडलं ते एक होतं की दोन? आठवत नाही. चष्मा काढलेला होता.

साहेबांकडे रजेचा अर्ज टाकला. मोजपट्टी शाळेच्या हेडमास्तरांवर सोपवून धुळ्याची गाडी धरणार.

३० एप्रिल, धुळे
तोतारामने यंत्र छतापर्यंत चढवलं आणि निगेटिव्हचा तेवढाच कोपरा कागदावर पाडला. लाल दिव्यात आम्ही दोघं ताटलीवर वाकून उभे. लिलाही आत आली, तिला म्हटलं दार पटकन लाव.

आधी पाण्याचा करडा रंग आला. मग ठिपका. मग त्याच्या खाली, त्याला चिकटून, दुसरा. वरचा हळूहळू डोकं झाला, डोक्यावर गाठोडं. खालचा तसाच, उलटा. दोघांच्या मागे पाण्यावर दोन रेघा फाकत गेलेल्या, टोक आमच्या काठाकडे. म्हणजे परत येत होता.

तोताराम म्हणाला, "दाजी, डागाला प्रतिबिंब नसतं."

थंड पाण्यात एक माणूस माझ्या शब्दापायी पोहत होता, आणि मी त्याला ब्लेडने खरवडून टाकलं होतं. लिलाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. सायकलीचं तिने मला माफ केलं असावं.

७ मे
पारावर बैठक झाली. आजची हाक देऊन आबा घाटावरच आडवा झाला होता, त्याला चार माणसांनी खाटेसकट आणलं. मी सगळं सांगितलं, काहीही न लपवता: नाव मी थांबवली, रिवाज मला माहीत नव्हता, ठिपका मीच पुसला. गुराख्याचं ओरडणंही सांगितलं, पण तो आवाज आबाचाच होता अशी शपथ घेता येणार नाही हेही सांगितलं. मग दोन्ही फोटो शेजारी ठेवले.

नवा फोटो हातोहात फिरला. कोणी म्हणालं ओंडका असेल, कोणी म्हणालं म्हैस. जीवरामनानांनी खिशातून चष्मा काढला, फोटो उजेडाकडे धरला, उलटा केला, सुलटा केला. मला वाटलं होतं त्यांना वाटा बंद करायचाच आहे. खरं म्हणजे त्यांना फक्त ठरलेलं ठरल्यासारखं व्हायला हवं होतं. नियमाच्या माणसाला मी ओळखायला हवं होतं.

ते म्हणाले, "म्हशीले डोकावर गाठोडं नही ऱ्हास."

लोक हसले, आणि तिथेच निकाल लागला. पण नानांनी चष्मा घडी करता करता पुढचंही सांगून टाकलं. वर्ष उद्याच्या दिव्याला पुरं होतं. उद्याची हाकही झाली पाहिजे.

आबा खाटेवरून म्हणाला, व्हई. होईल.

८ मे, आखाजी
सकाळी आबा शुद्धीवर नव्हता. श्वास वाजत होता. नानांनी स्वतःचा ट्रॅक्टर काढला, ट्रॉलीत गवत घातलं आणि आबाला पुलावरून चोपड्याच्या दवाखान्यात नेलं. भागाबाई सोबत गेली. जाताना ती माझ्यासमोर थांबली. तिने वल्हं आणून माझ्या दारात टेकवलं.

मी नानांना विचारलं, चालेल का? ते ट्रॅक्टरवर बसूनच म्हणाले, हाक व्हायला हवी एवढंच ठरलं होतं. कोणाच्या तोंडून, ते ठरलं नव्हतं.

दुपारभर गावात पोरी झोक्यांवर गाणी म्हणत होत्या. मी घाटावर वल्हं मारायचा सराव करत होतो. नाव दोनदा गोल फिरली, एकदा मोजपट्टीवर आपटली. शेठ पायरीवर बसून मला सूचना देत होते, त्यांनी जन्मात वल्हं धरलेलं नाही.

सूर्य बुडाला, वारा पडला. डोह आज १९ जानेवारीपेक्षाही सुंदर होता. मी तो अगदी मधोमध फाडत गेलो. कॅमेरा खोलीत खुंटीला होता आणि त्याची आठवण मला पलीकडे पोहोचल्यावर झाली.

गुडघाभर चिखलात उतरलो. दरडीवर कोणी नव्हतं. मोकळ्या जागेत एकट्याने ओरडायची किती लाज वाटते, ते त्या क्षणी कळलं. पहिली हाक कशीबशी दरडीपर्यंत गेली. दुसरी जरा बरी. तिसऱ्या वेळी डोळे मिटून, जीव तोडून ओरडलो, "कोनी शे का?"

मागे वळून देवळाकडे बघत उभा राहिलो. दिवा लागला. वर्ष पुरं झालं. मी नाव ढकलणार, इतक्यात वरून दगड घरंगळले. एक म्हातारी काठी टेकत दरड उतरत होती. हातात गाठोडं नाही, टोपली नाही. मी म्हटलं, अक्का, सांभाळून या, नेतो तुम्हाला.

ती म्हणाली, तिला कुठे जायचं नाही. खाली येऊन तिने माझं तोंड जवळून पाहिलं.

"रोज हाई हाक आयकी का मी चुल्हा पेटाडस. आज आवाज दुसरा उना, म्हनीसन देखाले उनू." मग तिने विचारलं, "झिपरू शे ना, भाऊ?"

चोपड्याहून अजून काही निरोप आलेला नव्हता. मला काहीच माहीत नव्हतं. चार वर्षांत मी न बघितलेला आकडा कधी लिहिला नाही.

"शे," मी म्हटलं.

ती बरं म्हणाली आणि चूल पेटवायला दरड चढू लागली.